लॉट नंबर

रेडिचला पोचले तेव्हा गेटवरची पाटी
कुणीतरी आधीच उतरवून नेली होती.
तिच्या जागी भिंतीवर एक फिकट चौकोन
आणि स्क्रूची चार भोकं.

सुयांचा कारखाना. एकशे चाळीस वर्षांचा.
माझं काम प्रत्येक वस्तूवर नंबर चिकटवायचं,
वहीत दोन भाव मांडायचे:
आज उठवली तर किती,
थांबून विकली तर किती.
थांबायला कुणी तयार नव्हतं.

बेरिल प्रॉसर बरोबर फिरत होती, किल्ल्यांचा जुडगा घेऊन.
छत्तीस वर्षं सुईला नेढं पाडायच्या खात्यात.
"हा प्रेस अजून धडधाकट आहे," ती म्हणाली,
"फक्त डावीकडून जरा सांभाळून घ्यावं लागतं."
मी लिहिलं: लॉट ८८. प्रेस. सदोष.

कॅन्टीनमधला चहाचा बंब लॉट ३१.
तिने आधी दोन कप भरून घेतले,
मग मी स्टिकर लावला.

"आमचं झालं तरी काय?
ऑर्डरी होत्या. मार्चपर्यंत ओव्हरटाइम होता."

फायली मी वाचल्या होत्या.
सांगितलं, तुम्हाला ज्यांनी विकत घेतलं
त्यांनी त्या खरेदीचं कर्ज तुमच्याच नावावर टाकलं.
मग ही जमीन आपल्याच दुसऱ्या कंपनीला स्वस्तात विकली
आणि तुम्ही आपल्याच छपराखाली भाडेकरू झालात.
डब्यावरचं नाव जर्सी बेटावर गेलं,
स्वतःचं नाव छापायचे डब्यामागे दीड पेनी.
आणि पेन्शनचा फंड
"ते माहीत आहे," म्हणत तिने बिस्किट चहात बुडवलं.
ते तुटून तळाशी गेलं.
तिने चमचा घातला नाही.

"याला काही शब्द असेल ना?"
"अ‍ॅसेट-स्ट्रिपिंग."
ती हसली. "आमचा डेरिक करायचा की स्ट्रिपिंग,
दर पाच वर्षांनी, बैठकीच्या खोलीत.
पण तो नंतर नवा वॉलपेपर लावायचा."

रात्री हॉटेलात मी मराठी शब्द शोधत बसले.
मोडीत काढणं?
सोनार मोड घेतो तेव्हा दागिना तुमचा असतो,
आणि तुम्ही समोर बसलेले असता, काट्यावर नजर ठेवून.
वस्त्रहरण म्हणावं, तर फासे पडलेच नव्हते,
सगळ्या सह्या शुद्धीवर, साक्षीदारांसमोर.
सुईच्या अग्रावर राहील एवढीही माती देणार नाही
असं ज्याने बजावलं होतं
त्याला निदान ती माती हवी होती.

मग बाबांचं वाक्य आठवलं.
कोल्हापुरात, शिरोली नाक्याजवळ,
त्यांचं जुन्या मोटारींचं दुकान होतं.
चालू गाडीपेक्षा सुटी गाडी जास्त देते, म्हणायचे.
म्हणायचे, पण चालू गाडी त्यांनी कधी खोलली नाही.
एकदा खोलली.
पांढरी अ‍ॅम्बॅसिडर, एका डॉक्टरांची, सकाळी स्वतः चालत आलेली.
संध्याकाळी दरवाजे एकीकडे, डायनॅमो एकीकडे,
आणि बाबा हात धुतच राहिले रॉकेलने.
त्या वर्षी माझी बर्मिंगहॅमची फी भरायची होती.

लिलाव मंगळवारी झाला. पावणेतीन तासांत.
बंब कुणा चर्चने घेतला.
प्रेस वजनावर गेले.
लॉट २१४, चाळीस हजार सुया, नेढं पाडायच्या राहिलेल्या,
यावर बोलीच आली नाही.

वाटपाचा क्रम कायद्याने ठरलेला आहे:
आधी विक्रीचा खर्च, म्हणजे त्यात मी.
पगार नंतर, जे उरेल त्यातून.

लॉट १०७, लाकडी स्टूल, बैठक झिजलेली,
बेरिलनेच घेतलं.
चार पौंड. समोरून कुणी बोली चढवली नाही.
पावती मी फाडली.
व्हॅट वेगळा.